या चुका टाळा: सिस्टिक फायब्रोसिसचा मोठा रुग्ण आणि हॉस्पिटलची खोली

सिस्टिक फायब्रोसिस म्हणजे लहान मुलांचा आजार, ही समजूत आपल्याकडे पक्की बसलेली आहे. त्यामुळे पंचवीस-तीस वर्षांचा माणूस हा आजार घेऊन दाखल झाला की त्याची खोली एक तर न्यूमोनियाच्या पेशंटसारखी लावतात, नाही तर लहान मुलासारखी. दोन्ही चूक. छातीची फिजिओथेरपी करताना मी अशा खोल्यांमध्ये बरीच वर्षं जाते आहे आणि त्याच चुका पुन्हा पुन्हा बघते आहे. बहुतेक चुका मायेपोटी होतात. म्हणून त्या कुणी बोलून दाखवत नाही आणि त्या सुधारतही नाहीत.

आजाराबद्दल थोडक्यात. सातव्या गुणसूत्रावरचं सीएफटीआर नावाचं जनुक १९८९ मध्ये सापडलं. ते बिघडलेलं असलं की पेशींमधून क्षार आणि पाणी यांची ये-जा नीट होत नाही. फुप्फुसातला कफ घट्ट आणि चिकट होतो, स्वादुपिंडाचे पाचकरस आतड्यापर्यंत पोचत नाहीत, घामातून मीठ भरमसाट जातं. छातीतला संसर्ग वाढला की शिरेतून अँटिबायोटिक द्यावी लागतात, साधारण दोन आठवडे. या दोन आठवड्यांत पेशंट पडून नसतो. वाफेवाटे औषधं, कफ काढणं, चालणं, भरपूर खाणं आणि बऱ्याचदा लॅपटॉपवर ऑफिसचं काम, असा त्याचा भरगच्च दिवस असतो. खोली या दिवसाला सोयीची हवी. नुसता पलंग मऊ करून भागत नाही.

सोबत म्हणून दोघांना एका खोलीत ठेवणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि सगळ्यात मायेनं केलेली.

एका हॉस्पिटलात हा आजार असलेले दोन तरुण एकाच आठवड्यात दाखल झाले. दोन्ही घरांची व्हॉट्सअ‍ॅपवरून आधीच ओळख होती. आयांनी मिळून ट्विन शेअरिंगची खोली मागून घेतली. खर्च कमी, पोरांना सोबत, आणि रात्री एकीनं थांबलं तर दुसरीला घरी जाता येईल, असा त्यांचा हिशेब. वॉर्डातल्या मावशींनीही कौतुकानं मधला पडदा सरकवून दिला. मी गेले तेव्हा दोघं एकाच पलंगावर बसून एका डब्यातला चिवडा खात होते आणि आलटून पालटून खोकत होते. एकाच्या थुंकीच्या अहवालात बर्खोल्डेरिया नावाचा जंतू होता. दुसऱ्याला तो तोवर नव्हता.

मी दारातूनच सिस्टरना हाक मारली. त्या दुपारी सिंगल रूम रिकामी नव्हती. संध्याकाळपर्यंत आरएमओ (निवासी डॉक्टर), बिलिंग आणि दोन मजल्यांच्या इन्चार्ज सिस्टर यांच्याशी बोलून एकाला दुसऱ्या मजल्यावर हलवलं. त्याची आई माझ्यावर भयंकर चिडली. "माझ्या मुलाला वाळीत टाकताय का तुम्ही?" असं सगळ्यांसमोर विचारलं. मी त्यांना बसवून सगळं समजावलं. त्या रात्रीपासून दोघं फोनवर बुद्धिबळ खेळायला लागले. आईंचा राग मात्र डिस्चार्जपर्यंत गेला नाही, आणि मला तो समजतो. हे त्यांना दाखल होतानाच कुणीतरी सांगायला हवं होतं.

कारण असं. स्यूडोमोनास आणि बर्खोल्डेरिया हे जंतू धडधाकट माणसाला सहसा काही करत नाहीत. सिस्टिक फायब्रोसिसच्या चिकट कफात मात्र ते ठाण मांडतात आणि एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जातात. परदेशात या मुलांची उन्हाळी शिबिरं भरायची. तिथून बर्खोल्डेरिया पसरतो हे लक्षात आल्यावर १९९० च्या दशकात ती बंद झाली. या जंतूचा एकच वाण कॅनडात आणि ब्रिटनमध्ये पेशंटमधून पेशंटमध्ये गेल्याचं दिसलं होतं. अमेरिकेतल्या सिस्टिक फायब्रोसिस फाउंडेशनच्या २०१३ च्या सूचनांप्रमाणे असे दोन पेशंट एकमेकांपासून किमान सहा फूट दूर हवेत, अहवाल काहीही असोत. "दोघांनाही स्यूडोमोनास आहे, मग काय फरक पडतो" हा युक्तिवाद मी डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकलाय. फरक पडतो. एकाचा वाण दुसऱ्यापेक्षा जास्त चिवट असू शकतो.

तर दाखल होतानाच, काउंटरवर, "सिस्टिक फायब्रोसिस, सिंगल रूम, स्वतंत्र बाथरूम" हे शब्द उच्चारा. विम्याची रूम रेंटची मर्यादा आड येत असेल तर संसर्गनियंत्रणासाठी स्वतंत्र खोली गरजेची आहे असं डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि तो कागद पहिल्याच दिवशी टीपीएच्या (विम्याचे दावे हाताळणाऱ्या संस्थेच्या) डेस्कवर द्या. वरची खोली घेतली की पुष्कळ पॉलिसींमध्ये सगळ्याच बिलात त्या प्रमाणात कपात होते, हे डिस्चार्जच्या दिवशी कळून उपयोग नाही. शेअरिंगशिवाय इलाजच नसेल तर शेजारी हाडांचा पेशंट मागा, खोकणारा नको.

स्वतंत्र बाथरूमचं आणखी एक कारण आहे आणि ते पेशंट स्वतःहून सांगत नाहीत. पचन बिघडलेलं असल्यामुळे शौचाला तेलकट होतं, वास येतो, गॅस होतो. सामायिक संडासाच्या संकोचानं कमी जेवणारी माणसं मी पाहिली आहेत. एक्झॉस्ट फॅन चालू आहे ना, हे पहिल्या तासात बघा.

पथ्याचं जेवण

आजारी माणूस म्हटलं की आपल्याकडे मऊ खिचडी, बिनतेलाची भाजी, मीठ कमी. या आजारात नेमकं उलटं लागतं. खोकण्यात, श्वास घेण्यात आणि संसर्गाशी झुंजण्यात ताकद जाते, खाल्लेलं पूर्ण पचत नाही, म्हणून काहींना निरोगी माणसाच्या दीडपट उष्मांक लागतात. तूप, लोणी, शेंगदाणे, अंडी, साईचं दही, पराठा हे सगळं चालतं. नवी मॉड्युलेटर औषधं (बिघडलेल्या सीएफटीआरचं काम सुधारणारी) घेणाऱ्यांचं वजन चांगलं वाढतं, त्यांचा हिशेब वेगळा. तो आहारतज्ज्ञांशी बोलून ठरवा. पण न विचारता आलेलं फिकं ताट मुकाट्यानं घेऊ नका.

त्यात मधुमेह असला की गोंधळ दुप्पट. मोठ्या पेशंटपैकी जवळपास निम्म्यांना या आजारामुळे होणारा मधुमेह असतो. फाइलवर तो शब्द दिसला की किचनमधून आपोआप डायबेटिक डाएट येतं: दोन फुलके, वरण, काकडी. या मधुमेहात खाणं कापायचं नसतं, इन्सुलिन खाण्याच्या मापानं द्यायचं असतं. आधीच हाडं दिसणाऱ्या मुलीसमोर ते ताट आलेलं बघून मला फार वाईट वाटतं. ट्रे परत पाठवा आणि आहारतज्ज्ञांना खोलीत बोलवा.

आता एन्झाइमच्या, म्हणजे पाचकरसांच्या कॅप्सूल. दहातल्या आठ-नऊ पेशंटना त्या लागतात, आणि त्या जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या असतात. होतं काय, तर दाखल होताना सगळी औषधं नर्सिंग स्टेशनवर जमा होतात, चार्टवर "दिवसातून तीनदा" असं लिहिलं जातं, आणि साडेबाराच्या जेवणाची कॅप्सूल दीड वाजता औषधांच्या ट्रॉलीवरून येते. तोवर जेवण कॅप्सूलविना पुढे गेलेलं असतं. मग पोटात कळा, आणि "हॉस्पिटलचं जेवण मानवत नाही" हा निष्कर्ष. कॅप्सूल पेशंटच्या उशाशीच राहतील, तो स्वतः घेईल, असं डॉक्टरांकडून फाइलवर लिहून घ्या. चारच्या सँडविचला आणि रात्रीच्या दुधालाही त्या लागतात. चावायच्या किंवा कुटायच्या नाहीत.

भेटायला येणारे शहाळी आणतात. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम कमी, आणि या माणसाच्या घामातून जातं ते मीठ. मीठ घातलेलं ताक किंवा लिंबू सरबत आणा.

डोसच्या वेळा जशा पडतील तशा चालू देणं

पेशंट संध्याकाळी सातला खोलीत येतो, इंट्राकॅथ (शिरेतली सुई) लागेपर्यंत अकरा वाजतात, पहिला डोस अकराला जातो. दर आठ तासांचं औषध असलं की पुढचे डोस सकाळी सातला, दुपारी तीनला, पुन्हा रात्री अकराला. पहिला डोस एक वाजता गेला असेल तर आणखी वाईट. दोन आठवडे कुणाची झोप अशी मोडायची नसते. पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारून वेळा सहा-दोन-दहा अशा सरकवून घ्या. टोब्रामायसिन हे अँटिबायोटिक दिवसातून एकदाच देता येतं, ते सकाळी मागा. त्यानं कान आणि मूत्रपिंड यांना त्रास होऊ शकतो, म्हणून कानात आवाज यायला लागला तर लगेच सांगा. प्रकृती स्थिर असेल तर पहाटे चारला बीपी आणि ताप बघायला उठवू नये, असंही लिहून मिळतं. पण मागावं लागतं.

सुई शक्यतो डाव्या हाताला, डावखुऱ्याला उजव्या. लॅपटॉप चालवायचा असतो, नेब्युलायझर (वाफेवाटे औषध देणारं यंत्र) धरायचा असतो. शिरा वरचेवर सुजत असतील तर पिक लाइनबद्दल (दंडातून घालायची, जास्त दिवस टिकणारी नळी) विचारा.

बेसिनच्या काठावरचा नेब्युलायझर

मला सगळ्यात जास्त राग येणारी गोष्ट. औषध संपलं की चेंबर (औषध ओतायची वाटी) नळाखाली धरायचा, झटकायचा आणि बेसिनच्या काठावर ठेवून द्यायचा. स्यूडोमोनासला ओल आवडते आणि बेसिनची जाळी हे त्याचं राहण्याचं ठिकाण. नळ सोडला की तिथले तुषार उडतात. ते ओल्या चेंबरवर बसतात आणि पुढच्या वेळी थेट फुप्फुसात जातात.

मी पेशंटना बाळाच्या बाटल्यांचा वाफेवर चालणारा स्टरिलायझर घरून आणायला सांगते. दर वापरानंतर साबण आणि गरम पाण्यानं धुवायचं, मग स्टरिलायझर, मग कोरड्या टिश्यूवर हवेत वाळवायचं, बेसिनपासून दूर. घरी असाल तर पाच मिनिटं उकळून काढलं तरी चालतं. निर्जंतुक केल्यावर पुन्हा नळाखाली धरायचं नाही. व्हिनेगरवर विसंबू नका.

वेळ वाचवायला सगळी औषधं एकाच चेंबरमध्ये ओतणारे नवशिके मला दर बॅचमध्ये भेटतात. डॉर्नेज अल्फा हे कफ पातळ करणारं औषध दुसऱ्या कुठल्याच औषधात मिसळायचं नसतं. आधी श्वासनलिका मोकळी करणारं औषध, मग खारं पाणी, मग कफ काढणं, आणि वाफेवाटे घ्यायचं अँटिबायोटिक सगळ्यात शेवटी, छाती साफ झाल्यावर. यात तास जातो. जाऊ द्या. पाठीवर पाच मिनिटं थापट्या मारून सही करून जाणाऱ्या फिजिओला परत बोलवा आणि पेशंटला त्याच्या नेहमीच्या पद्धतीनं करू द्या. जेवणानंतर लगेच मात्र नको.

डॉर्नेज फ्रीजमध्ये, २ ते ८ अंशांत. फ्रीझरमध्ये गेलं की महागडं औषध वाया.

बारीकसारीक

फुलांचा गुच्छ नको. फुलदाणीतलं पाणी म्हणजे जंतूंचं घर.

कूलर नको. भिंतीला ओल असेल किंवा शेजारी तोडफोड चालू असेल तर खोली बदला, त्या धुळीत अ‍ॅस्परजिलस बुरशी असते.

उदबत्ती, अत्तर, फिनेलचा भपकारा नको.

सर्दी झालेल्या पाहुण्याला फोनवर बोलू द्या.

एक्स्टेन्शन बोर्ड घरून न्या. पलंगामागे चालू असलेला पॉइंट सहसा एकच असतो.

झाकणाची थुंकदाणी, टिश्यू आणि पिवळी पिशवी हात पोचेल तिथे ठेवा. खोकताना माणसाला पलंगावरून उठायला लागू नये.

हातांची खुर्ची आणि कार्डियाक टेबल (पलंगावर सरकवता येणारं टेबल) मागून घ्या. टेबलावर उशी ठेवून पुढे रेलून बसलं की खोकणं सोपं जातं.

रोज चालायला हवं. मास्क लावून, कॉरिडॉर रिकामा असताना. "पडून राहा, दमशील" हे वाक्य खोलीत कुणी उच्चारू नये.

पेशंटला सोडून सगळ्यांशी बोलणं

हा आजार ओळखणारे डॉक्टर बालरोगतज्ज्ञच जास्त, त्यामुळे मोठी माणसंही कधी कधी मुलांच्या वॉर्डात दाखल होतात. भिंतीवर कार्टून, आणि राउंडला आलेले डॉक्टर वडिलांना विचारतात, "काल कफ कसा होता?" पलंगावर बसलेला माणूस तीस वर्षांचा इंजिनिअर असतो आणि स्वतःच्या कफाचा रंग, जाडी, वेळ त्याला तोंडपाठ असते. वडिलांनी अशा वेळी "त्यालाच विचारा" एवढंच म्हणावं. दिवसातून थोडा वेळ नातेवाइकांनी बाहेर जाऊन बसावं. काही गोष्टी डॉक्टरांना आईसमोर विचारता येत नाहीत: मूल होईल का, नोकरी टिकेल का, रात्री भीती वाटते ती कुणाला सांगू.

मी पहिल्या दिवशी पेशंटलाच एक कागद लिहायला लावते. नेब्युलायझरच्या वेळा, कफ काढण्याच्या वेळा, जेवण, मीटिंग, झोप. तो दाराला आतून चिकटवायचा. सिस्टर, मावशी, ट्रे आणणारा मुलगा, सगळे तो वाचतात आणि बऱ्यापैकी पाळतातही. डिस्चार्जच्या दिवशी तो घरी न्या आणि सोबत थुंकीच्या कल्चरच्या अहवालाची प्रत मागा. ती यायला कधी कधी काही दिवस लागतात, म्हणून कुणाकडून आणि कधी मिळेल हे बिल भरतानाच विचारून ठेवा. पुढच्या वेळी कुठलं अँटिबायोटिक लावायचं याचा विचार त्या कागदापासून सुरू होतो.