पाळकांनो, मंडळी चालवताना या चुका टाळा

माझ्या पाहण्यातले बहुतेक पाळक राबणारे आहेत. सकाळी चर्चच्या पत्र्यांचं काम, दुपारी ट्रस्टचे कागद, संध्याकाळी कमिटीची मीटिंग. दिवस असा भरून जातो आणि ज्या सेवेसाठी दीक्षा घेतली, ती उरल्यासुरल्या वेळावर येते. मीही हे केलं आहे, म्हणून लिहितो.

भेटी मागे टाकणं

आमच्या मंडळीतल्या एक आजी दर रविवारी खिडकीजवळच्या बाकावर बसत. मधुमेहानं पायाला जखम झाली आणि चार रविवार त्या आल्या नाहीत. माझ्या ते लक्षातच आलं नाही, कारण तेव्हा कंपाउंडची भिंत चालू होती. पाचव्या आठवड्यात गेलो, तर त्यांनी पहिलं विचारलं, “पाळकसाहेब, भिंत झाली का हो?” अगदी मनापासून विचारलं. मला उत्तर देववेना.

तेव्हापासून उपासना संपली की वहीत आधी न आलेल्यांची नावं लिहितो. सोमवारी फोन, बुधवारपर्यंत भेट. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या किडरमिन्स्टर गावी पाळक रिचर्ड बॅक्स्टर यांनी आठवड्याचे दोन दिवस कुटुंबांशी बोलण्यासाठी राखले होते. सुमारे ८०० कुटुंबं होती, तरी वर्षभरात प्रत्येक कुटुंबाशी बोलणं व्हावं असा त्यांचा क्रम होता. आपल्याकडे साठ-सत्तर घरं असतात.

घरी गेल्यावर उभ्याउभ्या प्रार्थना करून निघू नका. बसा, चहा घ्या, ऐका. बाई घरी एकटी असेल तर सोबत पत्नीला किंवा मंडळीतल्या वडीलधाऱ्या बाईला न्या. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं पाच-सहा महिने दिसत नाहीत. ती ‘गैरहजर’ नाहीत. फडाजवळच्या त्यांच्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर, एकदा तरी जाऊन या, आणि गावात मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांकडे तर आधी.

सगळं एकट्यानं ओढणं

बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा सहावा अध्याय पुन्हा वाचा. यरुशलेमच्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे रोजच्या वाटपात दुर्लक्ष होत होतं. प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या मुख्य शिष्यांनी, तक्रार उडवून लावली नाही आणि वाटप स्वतःच्या अंगावरही घेतलं नाही. चांगल्या नावाची सात माणसं निवडायला सांगितली. स्वतःसाठी प्रार्थना आणि वचनाची सेवा ठेवली. त्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार, बहुधा त्यांच्यातल्याच माणसांवर मंडळीनं भरवसा टाकला. आपण तक्रार करणाऱ्याला कमिटीपासून चार हात लांब ठेवतो.

पैशाला तर एकट्यानं हातच लावू नका. अर्पण दोघांनी तिथल्या तिथं मोजावं आणि वहीत दोघांनी सह्या कराव्यात. कापणीच्या सणाला अर्पणाच्या वस्तूंचा लिलाव झाला, की पुढच्याच रविवारी हिशेब वाचून दाखवा. प्रेषित पौलानंही यरुशलेमच्या मंडळीसाठी गोळा केलेली मदत पोचवताना सोबत माणसं घेतली होती, कुणी बोट ठेवू नये म्हणून.

शनिवारी रात्री उपासनेचा संदेश शोधणं

मोबाइलवर कुणाचा तरी संदेश ऐकायचा आणि सकाळी तोच सांगायचा, हे लोकांना कळतं. बायबलमधला उतारा सोमवारीच ठरवा. तो भेटींमध्ये सोबत फिरला, की वचन कुणाच्या दुखण्याला लागतं ते आपोआप दिसतं. भाषा घरातली ठेवा. मराठी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी भजन-कीर्तनातून ख्रिस्त सांगितला, तो लोकांच्या कानात बसला.

आणि व्यासपीठावरून कुणाला टोमणा मारू नका. ज्याच्याशी वाद आहे त्याच्या घरी एकटे जा. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात प्रभू येशूनं हीच वाट सांगितली आहे.

घराला उरलेला वेळ देणं

आठवड्यातली एक संध्याकाळ बायकामुलांची. कमिटीला ती आधीच सांगून ठेवा. तातडीचं आजारपण किंवा मयत सोडून ती मोडू नका.

आधीच उशीर झाला असेल तर

ज्या घरी सहा महिने गेला नाहीत, तिथं कारणं सांगत बसू नका. मी आजींना एवढंच म्हणालो, “आजी, मी आधी यायला हवं होतं.” त्यांनी उशीखालचं गीतांचं पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. पहिलं कडवं त्यांना पाठ होतं. पुढची मी वाचत गेलो, त्या मागून म्हणत राहिल्या.