अणू शिकवताना चित्र सगळ्यात शेवटी

आठवीच्या विज्ञानात ‘अणूचे अंतरंग’ हा धडा सुरू झाला की मुलांच्या आया विचारतात, “मॅडम, घरी कसा करून घेऊ अभ्यास?” मी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत आठवी-नववीचं विज्ञान शिकवते आणि माझं सांगणं एकच असतं: वही उघडून गोल काढायला लागू नका. मधे ठिपका, भोवती वर्तुळं, त्यांवर मणी हे चित्र एकदा डोक्यात बसलं की मुलाला विचारण्यासारखं काही उरतच नाही. हे सगळं माणसाला कळलं कसं, ते त्याच क्रमाने आधी समोर येऊ द्या. तीन-चार संध्याकाळी पुरतात.

सुरुवात कात्रीने करा. ए-फोर कागदाची लांब, बारीक पट्टी कापा. तिचे आडवे दोन तुकडे करा, एक बाजूला ठेवा, दुसऱ्याचे परत दोन. आठव्या कापाला तुकडा जेमतेम एक मिलिमीटरचा राहतो आणि कात्री हात टेकते. आता पुढचं कापणं कागदावर भागाकाराने करायला सांगा. एकूण तीस वेळा निम्मं केलं की जी लांबी उरते, ती चांदीच्या एका अणूच्या रुंदीच्या जवळपास येते. मुलं लाखो वेळा कापावं लागेल असं धरून चाललेली असतात, त्यामुळे तीस हा आकडा त्यांना पटतच नाही. पटेपर्यंत भागाकार करू द्या.

मग डाल्टन. त्याच्या सिद्धांताचे मुद्दे पाठ करून घेण्याआधी त्याच्यापुढचा प्रश्न सांगा. पाणी पंचगंगेचं असो नाहीतर राधानगरीच्या धरणातलं, शुद्ध करून त्याचं विघटन केलं तर ९ ग्रॅममधून साधारण १ ग्रॅम हायड्रोजन आणि ८ ग्रॅम ऑक्सिजनच मिळतो. हे प्रमाण हलत का नाही? १८०८ साली छापलेल्या पुस्तकात डाल्टनने उत्तर मांडलं: प्रत्येक मूलद्रव्याचे ठरावीक वजनाचे कण असतात आणि ते ठरावीक संख्येनेच जोडले जातात. इथे हुपरीचं चांदीचं पैंजण हातात द्या. ते आटवा, ठोका, तार ओढा, चांदीचा अणू चांदीचाच राहतो, आणि त्यात मिसळलेलं तांबंही तांबंच राहतं. १० ग्रॅम शुद्ध चांदीत असे अणू किती, तर ५६ वर एकवीस शून्यं. हा आकडा मुलाच्या हाताने लिहून घ्या.

थॉमसनवर फार वेळ घालवू नका, पण एक गोष्ट सोडू नका. १८९७ मध्ये तो विरळ वायू भरलेल्या काचेच्या नळीत धातूच्या पट्ट्यांमधून वीज सोडत होता. त्याने नळीतला वायू बदलला, पट्टीचा धातू बदलला, तरी निघणारे ऋण कण तेच होते. म्हणजे ते सगळ्याच अणूंच्या आत असणार. हाच इलेक्ट्रॉन, हायड्रोजनच्या अणूपेक्षा अठराशे पटींहून हलका.

रुदरफर्डला मात्र एक अख्खी संध्याकाळ द्या. सोन्याचा अतिशय पातळ पत्रा, त्यावर सोडलेले अल्फा कण (किरणोत्सारी पदार्थातून वेगाने निघणारे जड, धन प्रभाराचे कण), आणि काळोख्या खोलीत पडद्यावरची एकेक चमक सूक्ष्मदर्शकातून मोजत बसलेले गायगर आणि मार्सडेन. बहुतेक कण सरळ आरपार गेले, हजारोंमधला एखादा मात्र उलटा फिरला. इथे थांबा आणि विचारा: आरपार गेले त्यावरून काय कळतं? उलटा फिरला त्यावरून काय? दोन्ही उत्तरं मुलाच्या तोंडून येईपर्यंत धीर धरा. १९११ मध्ये रुदरफर्डने तेच मांडलं: अणूचा धन प्रभार आणि जवळजवळ सगळं वस्तुमान मधोमध एका इवल्याशा केंद्रकात आहे.

इवलंसं म्हणजे किती, हे दाखवायला मी पोरांना गांधी मैदानावर नेते. एका मिलिमीटरचा राजगिऱ्याचा दाणा कागदावर ठेवायचा, हे हायड्रोजनचं केंद्रक. तिथून तीस मीटर चालत जायचं. एकुलता एक इलेक्ट्रॉन साधारण इतक्या अंतरावर सापडतो. “मॅडम, मग मधल्या जागंत काय असतंय?” हा प्रश्न येतोच. हवा नाही, धूळ नाही, काही नाही, असं स्पष्ट सांगा.

पुढचा प्रश्न नाही आला तर तुम्ही विचारा: धन केंद्रक ऋण इलेक्ट्रॉनला ओढतं, मग तो आत पडत का नाही? याचं उत्तर गॅसवर आहे. स्टीलच्या चमच्याचं टोक मिठाच्या पाण्यात बुडवून निळ्या ज्योतीत धरा (चमचा तुम्ही धरा, मूल शेजारी उभं राहू दे). ज्योत लख्ख पिवळी होते. आमटी उतू गेल्यावर होते तीच. सोडियमचा इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जाऊन खाली येताना हा प्रकाश टाकतो आणि रंग दर वेळी तोच येतो, कारण त्याला ठरावीक पायऱ्यांवरच राहता येतं, अधेमधे नाही. बोरने १९१३ मध्ये हायड्रोजनसाठी ही कल्पना मांडली. सगळ्यात खालच्या पायरीखाली पायरीच नसते.

न्यूट्रॉन, म्हणजे केंद्रकातला प्रभार नसलेला कण, उशिरा, १९३२ मध्ये चॅडविकला सापडला, म्हणून शिकवायचाही शेवटी. परत पैंजण घ्या. चांदीच्या प्रत्येक अणूत ४७ प्रोटॉन (केंद्रकातले धन कण), पण जवळजवळ निम्म्या अणूंत ६० न्यूट्रॉन आणि बाकीच्यांत ६२. एका मूलद्रव्याचे सगळे अणू अगदी सारखे, हे डाल्टनचं म्हणणं इथे सुटतं, आणि समस्थानिकं (प्रोटॉन तेवढेच, न्यूट्रॉन वेगळे असे अणू) ही व्याख्या न राहता हातातली वस्तू होते.

आता चित्र काढा. सोडियम: ११ प्रोटॉन, १२ न्यूट्रॉन, कवचांत, म्हणजे त्या पायऱ्यांवर, इलेक्ट्रॉन २, ८, १. शेजारी क्लोरीन: २, ८, ७. सोडियमचा शेवटचा इलेक्ट्रॉन कुठे जाईल ते मुलाला बाणाने दाखवू द्या. चित्राखाली ‘हे मापात नाही’ असं त्याच्याच अक्षरात लिहून घ्या. दुसऱ्या दिवशी फक्त ‘मॅग्नेशियम, अणुअंक (प्रोटॉन) १२, वस्तुमानांक (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून) २४’ एवढंच द्या आणि बाकीचं त्याला एकट्याला करू द्या.