लेझरची रेघ जाड आणि फिकट येतेय? पॉवरला हात लावू नका, फोकस तपासा

नवा लेझर एन्ग्रेव्हर जोडला, प्लायवूडवर नाव कोरलं आणि अक्षरं धुरकट, कडा करपलेल्या. अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘पॉवर वाढवा’. तो ऐकू नका. पॉवर वाढवून भोवतीचं लाकूड जास्त जळतं, अक्षर रेखीव होत नाही. फोकस चुकला, म्हणजे किरण बारीक ठिपक्यात एकवटला नाही, की लाकडावरचा ठिपका मोठा होतो. ठिपक्याचा व्यास दुप्पट झाला की तीच पॉवर चौपट क्षेत्रावर पसरते आणि प्रत्येक बिंदूच्या वाट्याला पाव पॉवर येते. तेवढ्यात लाकूड नीट कोरलं जात नाही, नुसतं भाजतं.

खालची माहिती ५ ते १० वॉटच्या निळ्या डायोड लेझरसाठी आहे. या निळ्या प्रकाशाच्या ४५० नॅनोमीटर तरंगलांबीसाठी बनवलेला चष्मा, धूर बाहेर टाकणारा पंखा आणि हाताशी अग्निशामक हवाच. काम चालू असताना यंत्राजवळून हलायचं नाही. पीव्हीसी किंवा त्याचं रेक्झिन लेझरखाली कधीही घालू नका. त्यातून निघणारा हायड्रोजन क्लोराइड वायू फुप्फुसांना घातक असतो आणि यंत्राचे लोखंडी भागही गंजवतो.

बेल्ट ताणलेले आहेत ना, पुलीचे बारीक स्क्रू घट्ट आहेत ना, हे हाताने तपासा. कोरलेल्या वर्तुळाची दोन टोकं जुळत नसतील तर दोष बहुधा इथे असतो.

जीआरबीएल (यंत्राच्या आतलं नियंत्रण सॉफ्टवेअर) वर चालणाऱ्या यंत्रात $३२ या सेटिंगची किंमत १ असायला हवी, म्हणजे लेझर मोड चालू असतो. $३० या सेटिंगचा आकडा आणि संगणकावरच्या सॉफ्टवेअरमधली कमाल एस-व्हॅल्यू (पॉवर सांगणारा आकडा) एकच ठेवा. यंत्रात १००० आणि सॉफ्टवेअरमध्ये २५५ असेल तर १०० टक्के मागूनही जेमतेम २५ टक्के पॉवर मिळते.

आता फोकस. माहितीपत्रकात दिलेलं लेझरच्या डोक्यापासून वस्तूपर्यंतचं अंतर हा फक्त अंदाज समजा. लेन्स थोडी खालीवर बसलेली असते, मोजायचं कुठून हे प्रत्येक जण वेगळं धरतो, आणि ‘ठिपका बारीक दिसेपर्यंत लेन्स फिरवा’ हा उपाय तर सर्वांत वाईट. चकाकणारा ठिपका डोळ्यांना कधीच खरा आकार दाखवत नाही, आणि त्याच्याकडे टक लावून बघणं धोक्याचंही आहे.

फोकसच्या चाचणीआधी यंत्र बंद करून, गार झाल्यावर, लेन्स किंवा तिच्या खालची संरक्षक काच आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसा. काजळी बसलेली लेन्स अगदी चुकलेल्या फोकससारखीच रेघ देते, आणि मग भलतीकडेच दुरुस्ती होत राहते.

उताराची चाचणी अशी करा. सपाट, बारीक पोताच्या लाकडाची १०० मिमी लांब पट्टी घ्या आणि तिचं एक टोक १० मिमी उचला. आता पट्टीवर १० मिमी सरकलं की उंची १ मिमी बदलते. लेझरचं डोकं पट्टीच्या मध्यावर आणा आणि तिथे माहितीपत्रकातलं अंतर ठेवा. पट्टीच्या लांबीला आडव्या अशा ८ मिमीच्या रेघा, दर ५ मिमीला एक, कोरा. मधली रेघ पेन्सिलने खूण करून ठेवा. पॉवर मुद्दाम कमी हवी: साधारण २० टक्के, वेग १००० मिमी प्रति मिनिट. जास्त पॉवरला सगळ्याच रेघा जाड जळतात आणि चाचणी वाया जाते.

एक सावधगिरी. डोक्याखालचा हवा फुंकणारा नोझल लाकडापासून ३-४ मिमीवरच राहत असेल तर उंच टोकाला तो आपटेल. तेव्हा टोक ५ मिमीच उचला. मग १० मिमी म्हणजे अर्धा मिमी.

मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम करून बघा. टोकाकडच्या रेघा रुंद आणि तपकिरी दिसतील, एका जागी रेघ केसासारखी बारीक आणि काळीभोर. तोच फोकस. तीन रेघा सारख्याच वाटल्या तर मधली धरा. समजा, ही रेघ मध्यापासून उंच टोकाकडे १५ मिमीवर आली. म्हणजे खरं अंतर १.५ मिमीने कमी आहे. डोकं तेवढं खाली घ्या. उतरत्या टोकाकडे आली तर तेवढंच वर.

मिळालेल्या अंतराएवढा लाकडाचा किंवा अॅक्रिलिकचा ठोकळा करून ठेवा आणि प्रत्येक कामाआधी तोच लावा. मोजायचं नेहमी वस्तूच्या वरच्या पृष्ठभागापासून. वाकलेल्या प्लायवर मध्य आणि कोपरा यांत २ मिमी फरक सहज पडतो, म्हणून ठोकळा चारही कोपऱ्यांत आणि मध्ये लावून बघा, आणि प्लाय चुंबकांनी किंवा चिमट्यांनी दाबून बसवा.

फोकस बसल्यावरच, पॉवर आणि वेग बदलत, छोट्या चौकोनांचा तक्ता कामाच्याच लाकडावर कोरा. दुसऱ्यांचे आकडे वापरताना एकक बघा: १०० मिमी प्रति सेकंद म्हणजे ६००० मिमी प्रति मिनिट. या एका गोंधळात किती प्लाय जळून जातात! तक्त्यामागे लाकूड, जाडी आणि तारीख लिहा.

कडेची काजळी नको असेल तर कोरण्याआधी मास्किंग टेप लावा. फोटोसाठी रेघांमधलं अंतर ०.१ मिमी, म्हणजे २५४ डीपीआय (एका इंचात २५४ रेघा), पुरेसं. ठिपकाच साधारण तेवढा असताना ०.०५ मिमी ठेवलं तर ठिपके एकमेकांवर चढतात आणि चेहऱ्याच्या सावल्या काळ्याठिक्कर होतात.

पारदर्शक अॅक्रिलिक कोरलंच गेलं नाही तर यंत्राला दोष देऊ नका. निळा प्रकाश त्यातून आरपार जातो, तिथे फोकसचाही इलाज नाही.