स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीसाठी घरात कोणती उपकरणे बसवावीत?

उपकरण निवडताना पहिली कसोटी अशी ठेवावी, की ते वापरण्यासाठी त्या व्यक्तीला नवे काहीही शिकावे लागू नये. आपण पडलो तर गळ्यातले आपत्कालीन बटण दाबायचे असते, हेच जिथे आठवत नाही तिथे त्याचा उपयोग होत नाही. म्हणून आपोआप काम करणारी साधने आधी घ्यावीत.

सुरुवात स्वयंपाकघरापासून करावी. अल्झायमरमध्ये, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात, वास ओळखण्याची क्षमताही अनेकदा मंदावते, त्यामुळे गॅस सुटल्याचे त्या व्यक्तीला कळेलच असे नाही. गॅसगळती ओळखणारा डिटेक्टर बसवताना त्याची उंची महत्त्वाची असते: सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली साचतो, म्हणून डिटेक्टर जमिनीपासून साधारण एका फुटावर हवा, तर पाइपने येणारा नैसर्गिक वायू हलका असल्यामुळे त्यासाठीचा डिटेक्टर छताजवळ हवा. बसवणारा जिथे सॉकेट दिसेल तिथे लावून मोकळा होण्याची शक्यता असते, तेव्हा हे त्याला आपणच सांगावे. ज्योत विझताच गॅस बंद करणारी शेगडी घेणे उत्तम. मात्र पेटत्या शेगडीवर विसरलेले भांडे ती ओळखत नाही, त्यासाठी ठरावीक वेळेनंतर गॅस तोडणारा टायमर लागतो. रात्री रेग्युलेटर बंद करण्याची सवय या सगळ्यांहून स्वस्त आहे.

पलंगापासून न्हाणीघरापर्यंत हालचालीने लागणारे दिवे लावावेत आणि न्हाणीघराची आतली कडी काढून टाकावी.

संध्याकाळी अस्वस्थता वाढून ‘मला घरी जायचंय’ असे म्हणत व्यक्ती स्वतःच्याच घरातून बाहेर पडू शकते. मुख्य दाराला चुंबकीय सेन्सर लावून त्याची घंटा घरातल्या इतरांच्या खोलीत वाजेल असे करावे. बाहेरून कुलूप घालून त्यांना एकटे ठेवणे हा उपाय नव्हे, कारण आग लागल्यास सुटकेची वाटच उरत नाही. जीपीएस घड्याळ काढून टाकले जात असेल, तर ट्रॅकर नेहमीच्या कपड्यांच्या खिशात शिवून द्यावा आणि त्याच्या चार्जिंगची जबाबदारी एकाच व्यक्तीकडे ठेवावी. वायफायवर चालणारी साधने असतील, तर राउटर इन्व्हर्टरला जोडलेला हवा.

एवढे करूनही व्यक्ती सापडत नसेल, तर चोवीस तास थांबावे लागते या समजुतीत न राहता लगेच 112 वर कळवावे. त्यासाठी अलीकडचे छायाचित्र प्रत्येकाच्या फोनमध्ये आधीच असावे.