घरची बिअर गढूळ राहते? या चुका टाळा

बिअर गढूळ दिसली की लगेच ती निवळवणारे जिलेटिन आणायला धावणे, ही पहिली चूक. गढूळपणाचे प्रकार वेगवेगळे असतात आणि एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. (आधी कायद्याचे: महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवणे गुन्हा आहे. ब्रिटनमध्ये मात्र १९६३ पासून घरगुती बिअरला परवाना लागत नाही. तेव्हा हे तिकडच्या मंडळींसाठी.)

पारख सोपी आहे. फ्रिजमधला ग्लास ओट्यावर ठेवून द्या. थंडी उतरल्यावर बिअर निवळली, तर दोष माल्टमधली (मोड आणून वाळवलेल्या जवातली) प्रथिने आणि धान्याची साल व हॉप्स (कडवटपणा देणारी फुले) यांतली पॉलिफेनॉल (तुरट द्रव्ये) यांच्या जोडीचा. ही जोडी थंडीत जमते, उबेत सुटते. तरीही गढूळच राहिली, तर थोडी बिअर वाटीत काढून आयोडीनचा थेंब टाका. निळी-काळी झाली तर स्टार्च, नाहीतर बहुधा यीस्ट. वाटीतली बिअर अर्थातच ओतून द्यायची.

थंडीतल्या गढूळपणाची बीजे बिअर शिजवायच्या दिवशीच पडतात. भांड्यावर झाकण आणि खाली मंद आच, असे करू नका. तासभर खळखळून उकळी हवी, झाकण उघडे हवे. शेवटच्या १५ मिनिटांत आयरिश मॉस (प्रथिने गोळा करणारे समुद्री शेवाळ) टाका, मग वर्ट (माल्टचे गोड पाणी, ज्याची पुढे बिअर होते) शक्य तितक्या झटपट गार करा. भिजवलेल्या माल्टमधली उरलेली साखर काढण्यासाठी धान्य धुवायला ७७ अंश सेल्सिअसपेक्षा गरम पाणी घेतले, तर सालीतले टॅनिन (हेही पॉलिफेनॉलच) उतरते आणि चवही तुरट होते.

स्टार्चचा दोष बहुतेकदा उत्साहाचा असतो. माल्ट एक्स्ट्रॅक्टच्या (माल्टच्या तयार अर्काच्या) बिअरला अंग यावे म्हणून ओट्स नुसतेच उकळायचे! एक्स्ट्रॅक्टमध्ये स्टार्चची साखर करणारी एन्झाइम उरलेली नसतात. ओट्स जव-माल्टसोबत ६५ ते ६८ अंशांवर तासभर ठेवावे लागतात. एकदा आलेल्या या गढूळपणाला जिलेटिन काही करू शकत नाही.

यीस्ट असेल तर घाई नडली. हायड्रोमीटरचा (साखर किती उरली हे दाखवणाऱ्या उपकरणाचा) आकडा दोन-तीन दिवस हलला नाही, की फर्मेंटर (बिअर आंबवायचे भांडे) १ ते ३ अंशांवर आणखी दोन-तीन दिवस ठेवा. इंग्लिश एल या प्रकारच्या बिअरची बरीच यीस्ट पटकन बसतात, गव्हाच्या बिअरची तरंगत राहतात आणि ते तसेच अपेक्षित आहे. हेफेवाइझेन (गव्हाची जर्मन बिअर) नितळ करणे म्हणजे उगाच खटाटोप.

जिलेटिन इथे कामाचे. पावसाळ्यातल्या पाण्यात तुरटी फिरवावी तसे ते यीस्टचे कण गोळा करून तळाशी नेते. २० लिटरला अर्धा चमचा पुरतो. थंड पाण्यात भिजवा, ७० अंशांपर्यंत गरम करा, उकळू मात्र नका, आणि आधीच थंड झालेल्या बिअरमध्ये ओता. जिलेटिन प्राण्यांपासून आणि तेच काम करणारे आयसिंगग्लास माशाच्या वाताशयापासून बनते, हे शाकाहारी पाहुण्यांना पिण्याआधी सांगा.

बाटलीत भरल्यावर आठवड्यांनी बिअर गढूळली, आंबट वास आला, उघडताच फसफसून उसळली, तर तो जंतुसंसर्ग. त्याला इलाज नाही. उरलेल्या बाटल्या फुटू शकतात. जाड हातमोजे घालून फ्रिजमध्ये ठेवा आणि गार झाल्यावर एकेक जपून उघडून ओतून टाका.