किनाऱ्यावर कुत्र्याचा पट्टा काढण्यापूर्वी

मुंबई-पुण्यात कुत्र्यांसाठी कुंपण घातलेली काही उद्याने झाली आहेत. कोकणात तशी सोय जवळपास नाही, त्यामुळे तिची जागा पुळणीने, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूने, घेतली आहे. संध्याकाळच्या वेळी ओहोटी असली की भाट्याच्या, गुहागरच्या किंवा वेंगुर्ल्याच्या घट्ट वाळूवर माणसे आपापले कुत्रे घेऊन येतात आणि पट्टा काढतात. कुत्र्याला तिथे न्यावे का, असे कोणी विचारले की मी त्या प्रश्नाचे दोन भाग करून पाहायला सांगतो. कुत्र्याला धावायला मोकळी जागा हवी का, हा पहिला भाग. आणि त्याला अनोळखी कुत्र्यांची संगत हवी का, हा दुसरा. दिवसभर पडवीत बांधलेल्या कुत्र्याला धावण्याची, वास घेण्याची गरज असतेच, आणि ती भागली की घरातले भुंकणे व कुरतडणे पुष्कळ कमी होते. संगतीचे उत्तर मात्र कुत्र्यागणिक बदलते. प्रौढ झालेल्या अनेक कुत्र्यांना ओळखीचे एकदोन सोबती पुरतात, आणि गर्दीत त्यांना त्रासच होतो.

पिल्लाच्या बाबतीत निर्णय सर्वांत कठीण असतो. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात पिल्लू जगाशी ओळख करून घेते. या काळात ज्यांच्याशी गाठ पडली नाही, त्या गोष्टींची भीती पुढे मनात राहू शकते. पण पार्व्हो आणि डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या विषाणूजन्य रोगांवरच्या लसींचे डोस सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून सुरू होऊन सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात, आणि पार्व्होचा विषाणू जमिनीत अनेक महिने टिकतो. म्हणजे शिकण्याचे दिवस आणि धोक्याचे दिवस नेमके एकाच वेळी येतात. यावर मी सुचवतो तो मार्ग असा: पिल्लाला किनाऱ्यावर कडेवर घेऊन जावे, लाटांचा आवाज, जाळी, होड्या, मुले हे सारे त्याला दुरून दाखवावे, जिथे कुत्री जमतात त्या वाळूवर मात्र त्याला खाली ठेवू नये, आणि खेळायला लस पूर्ण झालेला, स्वभावाने शांत असा शेजारचा कुत्रा घरी बोलवावा. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात आणि पुढे पशुवैद्यकांच्या सल्ल्याने वेळेवर द्यावी.

मोठ्या कुत्र्याला नेले तरी लगेच पट्टा काढू नये. दहा मिनिटे लांब उभे राहून कोण कोण आले आहे ते पाहावे. खेळू इच्छिणारा कुत्रा वळसा घेत येतो, पुढचे पाय टेकून मागचा भाग वर करतो, आणि खेळात पाठलाग करणारा व पळणारा यांची अदलाबदल होत राहते. याउलट अंग ताठ, शेपटी उंच व स्थिर, नजर एकटक आणि तोंड मिटलेले असेल, तर आपल्या कुत्र्याला हाक मारून परत फिरावे. लहानखुरा कुत्रा मोठ्या कुत्र्यांत सोडू नये, आणि माजावर आलेली कुत्री तर घरीच ठेवावी. जिथे रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मासेमारीचे मोठे जाळे) ओढली जाते तिथली गावठी कुत्री त्या जागेला आपलीच मानतात. त्यांच्यापासून लांब राहणेच योग्य. भांडण जुंपलेच तर मध्ये हात घालू नये, पाणी ओतावे किंवा मागच्या पायांना धरून मागे ओढावे. चावा माणसाला लागला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच रुग्णालय गाठावे.

किनाऱ्याचे स्वतःचेही धोके आहेत. एकदा आमच्या कुत्र्याने जाळ्यातून टाकून दिलेला केंड मासा तोंडात धरला होता. पांढरे पोट टम्म फुगलेले आणि त्यावर बारीक काटे. त्या माशात जीवघेणे विष असते. ‘सोड’ म्हणताच त्याने तो टाकला, कारण हा शब्द आम्ही अंगणात कित्येक महिने घोटून घेतला होता. ‘ये’ आणि ‘सोड’ हे दोन शब्द पक्के झाल्याशिवाय पट्टा काढण्याचा विचारच करू नये. गोडे पाणी सोबत न्यावे, कारण तहानलेला कुत्रा खारे पाणी पितो आणि मग उलट्या-जुलाब होतात. दुपारची वाळू पायाच्या गाद्या भाजते. हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून पाहिली की अंदाज येतो. पावसाळ्यात वहाळांच्या मुखाशी साचलेल्या पाण्यात लेप्टोस्पायरोसिस या रोगाचे जंतू असण्याची शक्यता असते, तेव्हा तिथे त्याला उतरू देऊ नये.

नोव्हेंबर ते मार्च या काळात वेळास, आंजर्ले यांसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, आणि कुत्री ती उकरून खातात. या काळात अशा किनाऱ्यांवर कुत्रा पट्ट्यातच ठेवावा; मला यात कोणतीही सूट मान्य नाही.

घरी आल्यावर गोड्या पाण्याने अंघोळ घालावी, कान कोरडे करावेत, आणि कानांमागे, बगलेत व बोटांच्या बेचक्यांत बोट फिरवून गोचीड शोधावी. दोनतीन दिवसांनी कुत्रा सुस्त पडला, खाणे सोडले किंवा ताप आला, तर किनाऱ्यावर नेल्याचे पशुवैद्यकांना आठवणीने सांगावे.