उन्हाळी हंगामापूर्वी ठिबक संचाची आम्ल प्रक्रिया

उन्हाळी पिकांची पाण्याची गरज वाढण्यापूर्वीच ठिबक संचाची आम्ल प्रक्रिया, म्हणजे नळ्यांत पातळ आम्ल सोडून साचलेले क्षार काढणे, उरकून घ्यावी. विहीर व कूपनलिकेच्या पाण्यात कॅल्शियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असते. उन्हाने नळ्यांतील पाणी तापले की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर ड्रीपरच्या (थेंब थेंब पाणी सोडणाऱ्या तोटीच्या) अरुंद मार्गात साचतो. शेवटच्या लॅटरलवरील (ड्रीपर बसवलेल्या बारीक नळीवरील) एक ड्रीपर कापून पाहावा. आतील खपलीवर पातळ आम्लाचा थेंब टाकताच फेस आला, तर तो हाच क्षार होय. फेस न येता हिरवट, बुळबुळीत गाळ दिसल्यास ते शेवाळ असते व त्यावर आम्ल हा उपाय नव्हे.

हायड्रोक्लोरिक आम्लाची या क्षाराशी अभिक्रिया होऊन कॅल्शियम क्लोराइड तयार होते, ते पाण्यात सहज विरघळते आणि नळीबाहेर वाहून जाते. सल्फ्युरिक आम्लापासून मात्र कॅल्शियम सल्फेट, म्हणजेच जिप्सम बनते, जे पाण्यात फारच कमी विरघळते. म्हणून क्षारयुक्त पाण्यासाठी हायड्रोक्लोरिक आम्लच निवडावे.

आम्लाची मात्रा अंदाजाने ठरवू नये, कारण ती प्रत्येक स्रोताच्या पाण्यानुसार बदलते. प्लास्टिकच्या बादलीत 10 लिटर पाणी घेऊन सिरिंजने थोडे थोडे आम्ल टाकावे, ढवळावे आणि प्रत्येक वेळी सामू (pH, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी आहे याचे माप) दाखवणाऱ्या कागदाने तपासावे. सुरुवातीचे आम्ल बायकार्बोनेटशी संयोग पावण्यातच खर्ची पडते, त्यामुळे कागदाचा रंग बराच वेळ फारसा बदलत नाही, आणि मग अगदी थोड्या आम्लाने सामू झपाट्याने उतरतो. म्हणून घाई करू नये. सामू 4 झाला की थांबावे. समजा, 10 लिटरला 6 मिलिलिटर आम्ल लागले आणि त्या विभागाचा प्रवाह ताशी 5000 लिटर आहे, तर आम्ल सोडण्याच्या 15 मिनिटांत वाहणाऱ्या 1250 लिटर पाण्यासाठी 750 मिलिलिटर आम्ल पुरेल.

तीव्र आम्ल हाताळताना रबरी हातमोजे व चष्मा वापरावा आणि वारा पाठीमागून येईल असे उभे राहावे. आम्ल नेहमी पाण्यात सावकाश ओतावे, आम्लात पाणी कधीही ओतू नये. तसे केल्यास एकाएकी निर्माण होणाऱ्या उष्णतेने आम्ल उसळून अंगावर उडते. ब्लीचिंग पावडर किंवा क्लोरीनचे द्रावण आम्लाच्या संपर्कात येता कामा नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो. त्वचेवर आम्ल पडल्यास ती जागा भरपूर वाहत्या पाण्याने किमान 15 मिनिटे धुवावी व डॉक्टरांना दाखवावे.

प्रक्रियेपूर्वी गाळणी स्वच्छ करावी आणि काही ठरावीक ड्रीपरचा प्रवाह मोजून ठेवावा. व्हेंचुरीतून (द्रावण ओढून नळीतील पाण्यात मिसळणाऱ्या साधनातून) आम्ल सोडताना शेवटच्या ड्रीपरच्या पाण्याचाही सामू 4 आल्याची खात्री करावी, मग पंप बंद करून संच 24 तास तसाच ठेवावा. त्यानंतर आधी सबमेन (लॅटरलना पाणी पुरवणारी नळी) व मग प्रत्येक लॅटरलचे टोक उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत फ्लशिंग करावे, व्हेंचुरीही साध्या पाण्याने धुवावी. पुढे त्याच दाबावर त्याच ड्रीपरचा प्रवाह पुन्हा मोजावा. तो अजूनही कमी असेल तर प्रक्रिया एकदाच पुन्हा करावी, आणि तरीही फरक न पडल्यास ते ड्रीपर बदलावेत.